घनतेचा छेद : साक्री परिसरातील खडकांच्या निमित्ताने

घनता ही पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास अगदी आरंभी भेटणारी राशी होय. वस्तुमानास आकारमानाने भागले की घनता मिळते, ही व्याख्या शाळेतच पाठ होते आणि पुष्कळदा तिच्याविषयीचा विचारही तेथेच थांबतो. शुद्ध पाणी, पारा किंवा ओतीव तांबे ह्यांच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. परंतु खडक, माती, वीट किंवा लाकूड ह्यांसारख्या सच्छिद्र पदार्थाची घनता काढावयाची झाली, की व्याख्येतील एक अडचण उघड होते. ह्या अपूर्णांकाचा अंश म्हणजे वस्तुमान, ते तराजू सांगतो. परंतु छेद म्हणजे आकारमान, ते कोणते घ्यावयाचे हे निरीक्षकासच ठरवावे लागते. पदार्थाच्या पोटातील पोकळी आकारमानात धरावी की वगळावी? सगळी वगळावी की जिच्यात पाणी शिरू शकते तेवढीच वगळावी? ह्या प्रश्नांच्या उत्तरांप्रमाणे एकाच दगडाच्या घनता निरनिराळ्या येतात, आणि त्या सर्वच बरोबर असतात. चूक होते ती छेद न सांगता केवळ आकडा नोंदविण्यात.

धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील साक्री तालुका ह्या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष अनुकूल आहे. पांझरा आणि तिला मिळणारी कान ह्या नद्यांच्या परिसरातील हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर येथे एकावर एक रचलेले असून त्यांना छेदून उभ्या भिंतींसारखे खडक वर आलेले दिसतात. भूविज्ञानात अशा खडकास भित्ती किंवा डाइक म्हणतात. पश्चिम भारतातील भित्तींची चर्चा जे. बी. ऑडन यांनी १९४९ साली केली होती. नंदुरबार-धुळे पट्ट्यातील भित्तिसमूहाचे सविस्तर वर्णन रे, शेठ व मलिक यांनी २००७ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या नोंदीप्रमाणे सुमारे १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात एक किलोमीटरहून अधिक लांबीच्या २१० भित्ती आहेत. त्यांची जाडी ३ पासून ६२ मीटरपर्यंत असून सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटर भरते. भित्ती डोलेराइट व बेसाल्ट ह्यांच्या आहेत. ज्या थरांत त्या घुसल्या आहेत, ते मात्र बरेचसे झिजलेले, पोकळ्यांनी भरलेले आणि त्या पोकळ्यांत झिओलाइट खनिजे साठलेली असे आहेत. रासायनिक दृष्ट्या जवळचे, परंतु घडणीने अगदी वेगळे असे दोन खडक येथे शेजारी शेजारी उभे असल्यामुळे घनतेच्या छेदाचा प्रश्न ह्या भूमीवर टाळता येत नाही.

१. आकारमान मोजण्याची रीत

ओबडधोबड दगडाचे आकारमान मोजपट्टीने काढता येत नाही. त्यावरील उपाय आर्किमिडीजच्या नावाने प्रसिद्ध आहे : दगड पाण्यात बुडविला असता जेवढे पाणी बाजूस सारले जाते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके दगडाचे वजन घटते. ह्या तत्त्वाचा पद्धतशीर उपयोग करणाऱ्यांत अल्-बीरूनी (जन्म ९७३) ह्याचे स्थान मोठे आहे. हिंदुस्थानाविषयीच्या ग्रंथामुळे भारतीय वाचकांस परिचित असलेल्या ह्या पंडिताने निमुळत्या गळ्याचे व तोटीचे एक पात्र तयार करवून त्यातून बाहेर पडलेले पाणी तराजूत तोलले आणि धातू व रत्ने ह्यांची विशिष्ट गुरुत्वे ठरविली. आकारमान मापाने न मोजता वजनाने मोजावयाचे, हा त्यातील मर्माचा भाग होय. आजही घनतेचे सूक्ष्म मापन शेवटी तराजूवरच येऊन ठरते.

येथे घनता व विशिष्ट गुरुत्व ह्यांतील भेदही ध्यानात ठेवावयास हवा. घनतेस एकक असते. विशिष्ट गुरुत्व हे पाण्याच्या घनतेशी असलेले केवळ गुणोत्तर होय, म्हणून त्यास एकक नसते. पाण्याची घनता ४ अंश सेल्सियसला १ ग्रॅम प्रति घन सेंमी. असल्यामुळे दोन्ही आकडे सारखे दिसतात व त्यांची गल्लत होते. परंतु ३० अंशांस पाण्याची घनता ०.९९५७, तर ३५ अंशांस ०.९९४० असते. उन्हाळ्यात खानदेशातील प्रयोगशाळेत नळाचे पाणी ३५ अंशांवर असताना त्याची घनता १ धरली, तर २.९४ घनतेचा खडक २.९६ घनतेचा ठरेल. ही चूक किरकोळ वाटते. ती किरकोळ नाही, हे पुढील गणितावरून दिसून येईल.

२. एक नमुना, तीन घनता

एक काल्पनिक नमुना घेऊ. झिजलेल्या बेसाल्टाचा एक तुकडा पूर्ण सुकविला असता त्याचे वस्तुमान ५९०.० ग्रॅम भरते. निर्वात पात्रात ठेवून त्याच्या छिद्रांत पाणी पूर्ण मुरू दिले आणि पृष्ठभाग पुसून तोलला, तर ६०४.० ग्रॅम होतात. हाच मुरलेला तुकडा दोऱ्याने पाण्यात टांगून तोलला असता ३८४.० ग्रॅम दिसतात. पाण्याचे तापमान ३० अंश आहे.

हवेतील व पाण्यातील वजनांतील अंतर २२०.० ग्रॅम. ह्यास ०.९९५७ ने भागले असता तुकड्याचे बाह्य आकारमान २२०.९५ घन सेंमी. मिळते. ह्या आकारमानात घन भाग, खुली छिद्रे आणि बंद छिद्रे ही तिन्ही आली. ह्यावरून

स्थूल घनता = ५९०.० ÷ २२०.९५ = २.६७ ग्रॅम प्रति घन सेंमी.

तुकड्यात मुरलेले पाणी १४.० ग्रॅम, म्हणजे १४.०६ घन सेंमी. एवढे खुल्या छिद्रांचे आकारमान झाले. ते वगळले असता २०६.८९ घन सेंमी. उरतात. ह्यात घन भाग व बंद छिद्रे आहेत.

आभासी घनता = ५९०.० ÷ २०६.८९ = २.८५ ग्रॅम प्रति घन सेंमी.

आता त्याच खडकाचा दुसरा भाग बारीक कुटून, सर्व पोकळ्या मोडून टाकून, त्या भुकटीची घनता विशिष्ट गुरुत्वाच्या कुपीने काढली आणि ती २.९४ आली असे समजू. हिला कणघनता म्हणावे. तिच्यावरून घन भागाचे आकारमान ५९०.० ÷ २.९४ = २००.६८ घन सेंमी. होते. तेव्हा तुकड्यातील एकूण पोकळी २०.२७ घन सेंमी., म्हणजे बाह्य आकारमानाच्या ९.२ टक्के, त्यांपैकी ६.४ टक्के खुली आणि २.८ टक्के बंद.

२.६७, २.८५ व २.९४ ह्या तिन्ही संख्या एकाच दगडाच्या आहेत. अंश तिन्ही ठिकाणी तोच, ५९० ग्रॅम. बदलला तो छेद. त्यांपैकी 'खरी' कोणती, हा प्रश्न निरर्थक आहे. दगडाने भरलेली गाडी किती भार वाहील, हे विचारावयाचे असेल तर स्थूल घनता हवी. खडकात कोणती खनिजे आहेत, हे पाहावयाचे असेल तर कणघनता हवी. आणि खडकात पाण्यास किती जागा आहे, हे ठरविण्यास एक घनता पुरत नाही, दोहोंतील अंतर हवे. ते संबंध एका ओळीत असे मांडता येतात :

एकूण सच्छिद्रता = १ − (स्थूल घनता ÷ कणघनता)

हे सूत्र सोपे आहे, पण नाजूकही आहे. दोन जवळजवळच्या संख्यांच्या अंतरावर ते उभे असल्याने मूळ मापनातील लहानशी चूक सच्छिद्रतेत मोठी होऊन येते. कणघनतेत ०.०२ एवढी चूक झाली, म्हणजे एक टक्क्याहून कमी, तर वरील नमुन्याची सच्छिद्रता सुमारे ०.६ एककांनी सरकते, ९.२ टक्क्यांच्या जागी ८.६ किंवा ९.८ येतात. बंद छिद्रांचे प्रमाण २.८ टक्केच असल्यामुळे तेथे हीच चूक पाचव्या हिश्शाहून अधिक ठरते. पाण्याच्या तापमानाकडे दुर्लक्ष करण्याची किंमत ती हीच.

३. सारखा आकडा, वेगळा खडक

खडक हे खनिजांचे मिश्रण असते आणि मिश्रणाची घनता ही घटकांच्या आकारमानाच्या प्रमाणात घेतलेली सरासरी होय. समजा, बेसाल्टात प्लॅजिओक्लेज (२.७०) ५० टक्के, ऑजाइट (३.३०) ३५ टक्के, काच (२.७५) १० टक्के आणि मॅग्नेटाइट (५.२) ५ टक्के असे आकारमानाने आहेत. तर घनता १.३५० + १.१५५ + ०.२७५ + ०.२६० = ३.०४ होते. केवळ ५ टक्के मॅग्नेटाइट काचेपेक्षा अर्ध्या प्रमाणात असूनही घनतेत जवळजवळ तेवढीच भर घालते. टक्केवारी वजनाने दिली असेल तर मात्र ही रीत चालत नाही; तेव्हा घनतांच्या व्यस्तांची सरासरी घेऊन तिचा पुन्हा व्यस्त घ्यावा लागतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत ह्या ठिकाणी चूक होण्याचा संभव पुष्कळ असतो.

साक्रीच्या थरांतील पोकळ्यांचा प्रश्न ह्याच रीतीने सोडविता येतो. लाव्हा थिजत असताना त्यातून निसटू पाहणारे वायू अडकून पोकळ्या राहतात. पुढे त्यांतून खेळणाऱ्या पाण्याने आणलेली द्रव्ये साठून झिओलाइट, कॅल्साइट व गारेच्या जातीची खनिजे तयार होतात. घन भागाची घनता २.९५ आणि पोकळ्या २० टक्के असलेला एक थर कल्पिला, तर पोकळ्या रिकाम्या असताना त्याची घनता २.३६ येईल. त्या पाण्याने भरल्या तर २.५६ होईल. त्या २.२० घनतेच्या झिओलाइटाने भरून गेल्या असतील तर २.८० होईल.

आता ह्या २.८० कडे उलट बाजूने पाहावे. पोकळ्यांत झिओलाइट मुळीच नाही, पण २.९५ घनतेच्या घट्ट बेसाल्टात ५ टक्के रिकामी छिद्रे आहेत, अशा खडकाची स्थूल घनताही २.८० च येते. पहिल्या खडकात पाण्यास जागा उरलेली नाही. दुसऱ्यात प्रत्येक घनमीटरमागे पन्नास लिटरांची जागा आहे. नुसत्या स्थूल घनतेवरून दोहोंत भेद करता येत नाही. दोन्ही खडक कुटून कणघनता काढली, की भेद स्पष्ट होतो : पहिल्याची भुकटीही २.८० च दाखविते, दुसऱ्याची २.९५ दाखविते. कणघनता स्थूल घनतेशी जुळली तर खडक हलक्या खनिजामुळे हलका आहे. तिच्याहून पुष्कळ वर गेली तर तो पोकळीमुळे हलका आहे.

झिओलाइटयुक्त खडकाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ह्या खनिजांच्या स्फटिकरचनेतील सूक्ष्म मार्गांत पाणी असते व तापविल्यावर ते हळूहळू निघून जाते. नमुना सुकविण्यासाठी तो १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवण्याचा प्रघात आहे. तसे केले असता छिद्रांतील पाण्याबरोबर खनिजातील काही पाणीही उडते आणि नमुना भिजविल्यावर ते परत शोषले जाते. परिणामी कोरडे वस्तुमान कमी भरते व खुली छिद्रे आहेत त्याहून अधिक वाटतात. म्हणून असा खडक कमी तापमानास दीर्घकाळ सुकवावा आणि सुकविण्याचे तापमान निष्कर्षाबरोबर नोंदवावे. 'कोरडा' हा शब्ददेखील, छेदाप्रमाणेच, व्याख्येची अपेक्षा करतो.

४. काळी जमीन : बदलता छेद

खडकात निदान बाह्य आकारमान तरी स्थिर असते. त्याच बेसाल्टापासून झालेल्या काळ्या जमिनीत तेही स्थिर राहत नाही. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते. चैत्र-वैशाखात आक्रसून तिला भेगा पडतात. मातीच्या कणांची घनता सुमारे २.६५ धरली आणि कोरड्या मातीची स्थूल घनता १.३० आली, तर सच्छिद्रता ५१ टक्के होते. परंतु ती घनता काढण्यासाठी जमिनीत ठोकलेले नळकांडे भेगेवर पडले की भेग चुकवून पडले, ह्यावर हा आकडा अवलंबून असतो. मातीच्या ढेकळास मेणाचा पातळ थर देऊन ते पाण्यात तोलले, तर भेगा छेदातून पूर्णपणे वगळल्या जातात व घनता अधिक येते. एक रीत शेताची घनता सांगते, दुसरी ढेकळाची. म्हणून काळ्या मातीच्या स्थूल घनतेबरोबर ओलाव्याचे प्रमाण, नमुना घेण्याची रीत आणि ऋतू ह्यांचा उल्लेख नसेल, तर दोन अभ्यासकांच्या आकड्यांची तुलना करणे व्यर्थ होय.

५. हातातील दगड आणि भूमीतील खडक

छेदाचा प्रश्न प्रमाणाशीही निगडित आहे. साक्री भागातील भित्तीचा ताजा तुकडा प्रयोगशाळेत आणला तर तो घट्ट, जड व जवळजवळ निश्छिद्र आढळावा अशीच अपेक्षा असते. त्यावरून भित्ती म्हणजे पाणी अडविणारी अभेद्य भिंत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु भित्ती थंड होते ती दोन्ही बाजूंच्या खडकांकडून, आणि आकुंचनामुळे तिच्यात सांधे पडतात. ज्या तुकड्यावर घनता मोजली जाते, तो नेमका दोन सांध्यांमधला अखंड भाग असतो. म्हणजे मापनाच्या छेदातून सांधे आधीच गळालेले असतात. दहा सेंटिमीटरच्या तुकड्याची सच्छिद्रता अर्धा टक्का असेल आणि तरीही दहा मीटरच्या भित्तीत पाणी साठू शकेल. रेमंड दुरईस्वामी यांनी २००५ साली साक्री तालुक्याच्या अर्धशुष्क भागातील भित्तींचा भूजलाचे संभाव्य साठे म्हणून विचार मांडला, त्याचे महत्त्व ह्या दृष्टीने ध्यानात येते. भित्ती पाणी अडविते की साठविते, ह्याचे उत्तर तुकड्याच्या घनतेत नसून तिच्या सांध्यांत व झिजेत आहे.

उलट चूकही तितकीच घातक असते. वर पाहिलेल्या नमुन्याची खुली सच्छिद्रता ६.४ टक्के होती. तसाच खडक एक हेक्टर क्षेत्राखाली असून विहिरींची पातळी एक मीटर उतरली, तर ६४० घनमीटर पाणी मिळावे, असे कागदावर दिसते. परंतु छिद्रांतील सर्व पाणी विहिरीत उतरत नाही. बरेचसे पृष्ठताणामुळे कणांस व भेगांस धरून राहते. झिजलेल्या बेसाल्टाकरिता भूजल-अंदाजाच्या प्रचलित पद्धतीत हे विशिष्ट उत्पन्न १ ते ३ टक्के धरले जाते. २ टक्के घेतल्यास मिळणारे पाणी २०० घनमीटर, म्हणजे कागदावरील अपेक्षेच्या एकतृतीयांशाहूनही कमी. घनतेवरून काढलेली सच्छिद्रता ही पाण्याची कमाल मर्यादा होय. ती पाण्याची हमी नव्हे. अर्धशुष्क प्रदेशात विहीर खोल न्यावी की नाही, ह्याचा निर्णय अशा हिशेबावर बेतला जात असेल, तर हा भेद केवळ पारिभाषिक राहत नाही.

त्याहून मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न गुरुत्वमापनात उभा राहतो. भूपृष्ठावर गुरुत्वाकर्षण मोजून खालील खडकांच्या घनतेचा अंदाज करताना प्रथम निरीक्षणस्थान व समुद्रसपाटी ह्यांमधील खडकाच्या थराचे आकर्षण वजा करावे लागते. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येअर बूगे ह्याच्या नावाने ओळखली जाणारी ही दुरुस्ती मिलिगॅलमध्ये ०.०४१९ × घनता × उंची (मीटर) एवढी असते. घनता २.६७ धरण्याचा जगभर रिवाज आहे. भूखंडांवरील ग्रॅनाइटासारख्या खडकांना तो आकडा शोभतो. बेसाल्टाच्या ५०० मीटर जाडीच्या थराची सरासरी घनता मात्र २.८५ असेल, तर दुरुस्ती ५६.० ऐवजी ५९.८ मिलिगॅल यावयास हवी. जवळजवळ चार मिलिगॅलांचा हा फरक भूगर्भात नसलेली विसंगती नकाशावर उभी करू शकतो आणि ती डोंगर-दऱ्यांच्या चढउताराबरोबर बदलत जाईल. ही २.८५ देखील तुकड्यांच्या घनतेची साधी सरासरी असून चालणार नाही. तीत घट्ट थर, पोकळ थर, मुरूम, सांधे आणि त्यांतील पाणी ही सर्व आपापल्या आकारमानाच्या प्रमाणात आली पाहिजेत. प्रयोगशाळेत निवडून आणलेला टणक तुकडा ह्या समुच्चयाचा प्रतिनिधी क्वचितच असतो. मऊ, ठिसूळ भाग हातोडीखालीच गळून जातो आणि त्यामुळे नोंदलेली सरासरी वास्तवाहून वर सरकते.

उपसंहार

ह्या विवेचनावरून घनतेच्या नोंदीबाबत काही दंडक आपोआप निष्पन्न होतात. घनता स्थूल, आभासी की कणांची, हे सांगावे. नमुना कोरडा, नैसर्गिक ओलाव्याचा की पाण्याने भरलेला, आणि कोरडा असल्यास कोणत्या तापमानास सुकविलेला, हे नोंदवावे. पाण्याचे तापमान द्यावे. नमुन्याचे आकारमान व तो थराच्या कोणत्या भागातून घेतला हे लिहावे. आणि शेवटी मापनातील अनिश्चितता सांगावी. स्थूल घनता व कणघनता ह्या दोन्ही शक्यतो एकाच तुकड्यावर काढाव्यात, कारण ज्ञानाचा भाग दोहोंच्या अंतरात आहे.

घनता हा पदार्थाचा गुणधर्म आहे, असे पाठ्यपुस्तके सांगतात व एकजिनसी पदार्थापुरते ते खरेही आहे. परंतु साक्रीच्या भूमीत, जेथे एकाच शिवारात निश्छिद्र भित्ती, झिओलाइटाने भरलेला थर, मुरूम आणि भेगाळलेली काळी माती एकत्र नांदतात, तेथे घनता ही पदार्थ व प्रश्न ह्या दोहोंतून ठरते. तराजू अंश देतो. छेद प्रश्नाने द्यावयाचा असतो. तो कोणता दिला, हे आकड्याशेजारी लिहून ठेवणे हे शास्त्रीय नोंदीचे पहिले कर्तव्य होय.